उरणच्या गाडीतली पाशिंजर

तिकीट हातात पडलं की ती ते अंबाड्यात खोवायची, फूल खोवावं तसं, आणि बुकिंगच्या खिडकीतून माझ्याकडे बघत म्हणायची, "आता उठवा मना जाग्यावरशी." अजून ती गाडीत चढलेलीसुद्धा नसायची.

मी तेव्हा पनवेलच्या मोटार स्टँडवर बुकिंग मास्तर होतो. सरकारी गाड्या अजून यायच्या होत्या. उरणला एका शेठची सर्व्हिस मोटार धावायची. ही कोळीण उरणच्या कोळीवाड्यातली. सकाळच्या पहिल्या गाडीनं मासळीची भरली पाटी घेऊन यायची, बाजारात विकायची आणि दहाच्या गाडीनं रिकामी पाटी घेऊन परत. मी शाकाहारी आहे हे कळल्यापासून "मास्तर, आज कनचा पाला खाल्लाव?" असं विचारल्याशिवाय तिनं कधी पैसे पुढे केले नाहीत.

बाकीचे दिवस ठीक. रविवारी मात्र पुण्याहून, कल्याणहून हौशी मंडळी उरणचा समुद्र पाहायला लोटायची. पुरीभाजीचे डबे, छत्र्या, फिरकीचे तांबे, पोरांच्या हातात वाळू उकरायला घरातले डाव. तुम्ही पाहिली असेल अशी मंडळी. कदाचित तुम्हीच त्यांच्यात असाल, तर रागावू नका. एका रविवारी त्यांतल्या एका बाईंनी नाकाला पदर लावला, यजमानांनी शेठकडे तक्रार केली, आणि शेठनं हुकूम सोडला. रविवारी दहाच्या गाडीत मासळीची पाटी नाही. कोळणींनी संध्याकाळच्या गाडीनं जावं.

संध्याकाळी जाऊन तिनं काय करायचं? दुपारी तिच्या नवऱ्याची होडी किनाऱ्याला लागायची. त्या वेळी ती तिथं नसली, की दलाल त्या भोळ्या माणसाकडून सगळी मासळी मातीमोल भावानं उचलायचा. मग दुसऱ्या दिवशीची पाटी कशानं भरणार?

पुढच्या रविवारी तिनं खिडकीत पैसे ठेवले. मी हुकूम सांगितला. तिनं ऐकून घेतलं.

"सकाली भरलेली पाटी चालली. तवा तिच्यान शेठच्या घरची पापलेटं व्हती. आता रिकामी चालत नाय?"

मी तिकीट फाडलं. पैसे देईल त्याला तिकीट द्यायचं, असं शेठनं मला नोकरीवर ठेवताना बजावलं होतं, आणि ते त्यानं मागे घेतल्याचं मला कोणी कळवलं नव्हतं.

क्लीनरनं तिला दारातच अडवलं. "फार तर पाटी टपावर टाक. आणि तूही मागं उभी राहा. अंगाला वास येतो तुझ्या."

"पाटी टपावर, त मी बी टपावर," ती म्हणाली. कासोटा आवळला, मागच्या शिडीनं वर चढली आणि ट्रंकांच्या मधोमध पाटी मांडीवर घेऊन तिनं ठाण मांडलं.

ड्रायव्हर खाली उतरला. "बाईमाणूस टपावर घेऊन मी गाडी काढणार नाही. पडली तर खडी फोडायला कोण जाणार? शेठ?"

गाडी उभीच. ऊन चढत गेलं. मागच्या रविवारचे तक्रारवाले यजमान ह्याही रविवारी आले होते; ते बाहेर येऊन मान वर करून म्हणाले, "अहो बाई, जरा समजून घ्या. आम्ही लांबून आलोय."

"दर्या बघाया चाल्लाव नं? त्याला बी ह्योच वास हाय. सोसत नाय त परत जा."

आत कोणीतरी फिदीफिदी हसलं. शेवटी पदरवाल्या बाईच खिडकीतून ओरडल्या, "अहो, घ्या तिला आत. पोरं उकडून निघाली."

शेठ पेढीवरून धावत आला. "उतर गं बाई. बस जा आत."

"बाई नाय. मना पाशिंजर बोल."

सगळा स्टँड जमला होता. शेठ काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं बोल. टपावर ऐकू येत नाय."

"पाशिंजर, खाली उतरा," शेठ ओरडला.

ती उतरली. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसली, पाटी पायाशी ठेवली, अंबाड्यातलं तिकीट चाचपलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर रविवारी कोणाची पाटी अडवल्याचं मला आठवत नाही.

पुढे एकदा मी बायकोला घेऊन उरणला गेलो. स्टँडवर टांगेवाले तोंडाला येईल ते भाडं सांगत होते, मंडळी बावचळली होती. आमची पाशिंजर पाटी डोक्यावर घेऊन त्यांच्यामधून चालली होती. कोणीतरी तिला समुद्राची वाट विचारली. "नाक हाय नं? वास येल तिकडं चाला." आम्ही सगळे तिच्या मागोमाग निघालो. माझ्या बायकोची जड पिशवी तिनं न विचारता आपल्या पाटीत टाकली. किनाऱ्यावर पोचताच नवऱ्याला बाजूला सारून ती दलालाशी भांडायला उभी राहिली, पिशवी तशीच डोक्यावर. भांडण मिटेपर्यंत आमचा डबा आम्हाला मिळाला नाही. मला ती फार आवडायची, हे सांगून टाकतो. तिला कधी सांगितलं असतं तर तिनं मला पुन्हा पाल्यावरून छेडलं असतं.

एका पावसाळ्यात ती तापानं गेली. तिच्या जावेनं खिडकीत पैसे ठेवता ठेवता सांगितलं. मी तिकीट फाडलं आणि बराच वेळ हातात धरून बसलो.

सरकारी गाड्या आल्या, शेठची सर्व्हिस बंद पडली. मोटार भंगारात निघाली तेव्हा किल्ली द्यायला मीच होतो. भंगारवाला आत चढला, ड्रायव्हरमागच्या फळ्यांवर वाकला आणि नाक धरून बाहेर आला.

"मास्तर, ह्यात काय मच्छी वाहायचे?"

"नाही," मी म्हटलं. "पाशिंजर. तिकीट काढून बसलेले."