वीतभर कारण

तहसील कचेरीबाहेरच्या माझ्या अर्ज लिहिण्याच्या मेजासमोर काल दोघे सख्खे भाऊ येऊन बसले. थोरल्याला कंपनीने दोन वर्षांसाठी मस्कतला धाडले होते. मुदत सरली, तरी त्याला तिथेच राहायचे होते. म्हणून शेतीचे कुलमुखत्यारपत्र धाकट्याच्या नावे हवे होते.

“कारण काय लिहू?” मी विचारले.

“काका, तिथल्या रेतीत कढीपत्ता लावलाय. दोन रोपं जळाली, तिसऱ्यानं जीव धरला. आता वीतभर झालंय.”

“इथलं पाच एकर हिरवं सोडून एका रोपापायी राहतोस होय रे दादा?” धाकट्याने विचारले.

“हे हिरवं आजोबांनी केलं. ते रोप मी जगवलंय.”

मी स्तिमित झालो. ‘अपरिहार्य कारणास्तव’ हे शब्द मी आयुष्यभर न थांबता लिहिले. काल मात्र हात थबकला. एका माणसाला समुद्रापलीकडे धरून ठेवणारे ते कारण अवघे वीतभर उंच होते.