तिकीटखिडकीसमोरची सहा फूट जागा

आमच्या राइडचे किस्से सांगायला बसलं की लोकांना वाटतं, आता घाट येणार, धुकं येणार, आरे-वारेच्या वळणावरचा समुद्र येणार. तसलं काही येत नाही हो! घाट आम्ही सुखरूप उतरतो. आमचं जे काय व्हायचं ते होतं कुठल्यातरी बागेच्या नाहीतर उद्यानाच्या दारात, तिकीटखिडकीसमोर. गाडी थांबली रे थांबली की एक नवा किस्सा. आता इतके साठलेत की कुठून सुरुवात करू तेच कळत नाही.

आम्ही म्हणजे तिघं. सावंत सर भूगोलाचे निवृत्त शिक्षक. अन्वर मालवाहू बोटीवर ऑफिसर, सहा महिने समुद्रात आणि सुट्टीत आमच्याबरोबर. आणि मी शुभा, रत्नागिरीतल्या एका लॅबमध्ये लोकांची रक्तं तपासते. वय सेहेचाळीस, उंची पाच फुटांना एक इंच कमी, आणि गाडी साडेतीनशे सीसीची! थांबले की एकाच पायाची बोटं जेमतेम जमिनीला लागतात. त्यामुळे राइड ठरली की मला एकच घोर लागतो. तिथली खिडकी सपाटीवर असेल ना?

*

पहिल्याच राइडला नव्हती. दापोलीकडची एक बाग, दारात चांगलाच उतार आणि त्यावर जांभ्याची बारीक खडी. मी थांबले, डावा पाय टाकला, खडी सरकली.

गाडी पडते तेव्हा धाडकन पडते असं वाटतं ना? मुळीच नाही. ती सावकाश कलते, आणि आपण दातओठ खात तिला धरून ठेवतो, आणि ती तरीही कलतच राहते. माझी कलत कलत जाऊन तिकिटाच्या केबिनला टेकली. आरसा थेट खिडकीतून आत!

आतले काका दचकून मागे सरले. मग आरशाकडे बघत म्हणाले, "ताई, तिकीट इथनंच देतो. गाडी आत आणू नका!"

*

सरांची अडचण वेगळी. सरांचं पाकीट नेहमी सगळ्यात आतल्या खिशात. पावसाळ्यात एकदा खिडकीसमोर उभे राहिले. आधी हातमोजे काढले, मग रेनकोट, मग जॅकेट. मागे सहलीची बस हॉर्न वाजवतेय, मी आणि अन्वर घामाघूम, सरांचा हात अजून स्वेटरच्या आत चाचपडतोय.

खिडकीतली मुलगी अगदी अदबीनं म्हणाली, "सर, कपडे बदलायची खोली आत आहे."

*

अन्वरला वाटायचं, आपल्याला असलं काही होणार नाही. दोनशे मीटरची बोट चालवणारा माणूस! एका उद्यानाच्या दारात वॉचमन खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी विचारलं, "काय करता?" अन्वरनं बोटीचं सगळं वर्णन केलं. ऐकता ऐकता वॉचमन पाणी प्यायला उठले.

उन्हात न्यूट्रलचा हिरवा दिवा दिसत नव्हता. गाडी न्यूट्रलला आहे असं समजून अन्वरनं तिकीट घ्यायला क्लच सोडला. गाडीनं अशी उडी मारली की पुढचं चाक सरळ त्या खुर्चीवर! खुर्चीचा पाय मोडला, गाडी बंद पडली.

अर्ध्या मिनिटापूर्वी त्या खुर्चीत माणूस होता, हेच सगळ्यांच्या डोक्यात. अन्वरचा चेहरा पांढराफटक.

वॉचमननी हातातला तांब्या खाली ठेवला. खुर्चीकडे बघितलं, अन्वरकडे बघितलं. "तुमच्या बोटीला पण असंच थांबवता?"

अन्वरनं दुसऱ्या दिवशी एकट्यानं पुन्हा तिथवर जाऊन नवी खुर्ची दिली. ते आम्हाला खूप नंतर कळलं.

*

हा किस्सा आम्ही हसत सांगतो, पण त्या वेळी कुणी हसत नव्हतं.

दोरीनं वर-खाली होणारा आडवा लोखंडी दांडा होता दारात. पहारेकऱ्यानं अन्वरला सोडलं आणि दोर ढिला केला. मागोमाग सर निघालेत हे त्याला दिसलंच नाही. दांडा सरांच्या हेल्मेटवर बसला. सर एकीकडे, गाडी एकीकडे.

मी माझी गाडी कुठे सोडली, आठवत नाही. धावले. सर डोळे मिटून पडलेले. मी त्यांचं मनगट धरून नाडी शोधू लागले. पहारेकरी डोक्याला हात लावून "माझ्यामुळं झालं, माझ्यामुळं झालं" म्हणत बसला. अन्वरनं सरांच्या हेल्मेटची काच वर केली, हात पुढे धरला आणि ओरडला, "सर! सर, किती बोटं आहेत?"

सरांनी डोळे उघडले. नीट निरखून बघितलं.

"आधी नखं काप!"

*

आणि हा आईचा.

आई त्र्याहत्तर वर्षांची. एका रविवारी म्हणाली, "मला पण ने एकदा." सर आणि अन्वर दोघंही नव्हते, आम्ही मायलेकीच निघालो. साखरप्याहून घाट चढून वर, जंगलातल्या एका उद्यानात. तिकीटखिडकी नेमकी चढावर! मागे दोन गाड्या. म्हटलं, "आई, जरा उतर, मला तोल सांभाळता येत नाहीये." ती उतरली. मी तिकिटं घेतली, हातमोजे चढवले, देवाचं नाव घेत क्लच सोडला. गाडी निघाली! न पडता! इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

आत झाडी दाट. मी आईला सांगत होते, हे बघ शेकरू, ते बघ वारूळ. ती काही बोलेना. वाटलं, हेल्मेटमध्ये ऐकू येत नसेल. एका तळ्याशी थांबले आणि म्हटलं, "उतर आता सावकाश."

मागे कोणीच नव्हतं.

पडली का? कुठल्या वळणावर? चार किलोमीटर मागे येताना रस्त्याच्या दोन्ही कडा बघत होते. प्रत्येक वाळका ओंडका मला आईच वाटत होता. फोन तिच्या पिशवीत, आणि पिशवी माझ्या हँडलला. ती उतरली होती आणि पुन्हा बसलीच नव्हती, हे अर्ध्या वाटेवर आठवलं, तेव्हा रडूच फुटलं.

दाराशी आले. खिडकीसमोर सातआठ माणसांची रांग. तिकीटवाला कुठे दिसेना. रांगेतला एक जण म्हणाला, "तो स्कूटर घेऊन कुणातरी बाईला शोधायला गेलाय, दुसऱ्या रस्त्यानं."

मी गाडी तिथेच लावली आणि रांग मोडून खिडकीत डोकं घातलं. आत, तिकीटवाल्याच्या खुर्चीत, नाकावर चष्मा घेऊन आई बसली होती. तिकिटं फाडत होती.

"किती जण?" तिनं मान वर न करता विचारलं.

कसंबसं म्हटलं, "दोन."

आईनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या मागे पाहिलं.

"दुसरं माणूस कुठाय?"