लोजेनची कवडी

लिमेजान रागावली की फार बोलत नसे, गाठी आवळत असे. त्या दिवशी काथ्याची गाठ तिनं इतकी आवळली की अंगठ्याला चीर पडली.

समोर शाळाखात्याचा लाकाबुन बसला होता. तिच्या मावसबहिणीचा मुलगा, राजधानीहून इस्त्रीचा सदरा घालून आलेला. नव्या शाळेच्या भिंतीसाठी त्यानंच तिच्याकडे समुद्राचा नकाशा मागितला होता. माडाच्या झावळीचे वाकवून बांधलेले हीर म्हणजे लाटा, कवड्या म्हणजे बेटं.

"मावशी, ही खालची कवडी काढ."

"का? चावते तुला?"

"लोजेनवर आता कुणी राहत नाही. यादीत नाही ते बेट. मुलं उगाच विचारत बसतील."

लिमेजान लोजेनवर जन्मली होती. बॉम्ब फोडून बघण्यासाठी परक्या लष्करानं बेट रिकामं केलं तेव्हा ती सात वर्षांची होती. थोड्याच दिवसांत परत आणू, म्हणाले. आईनं निखाऱ्यावर ठेवलेला नीरफणस तसाच राहिला. इथल्या बेटांवर जमीन आईकडून मुलीला येते. त्या न्यायानं लोजेनचा एक पट्टा, या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत, आजही तिचा होता. पाय ठेवायला मनाई, एवढंच.

मग राहायला मिळालेल्या या उसन्या बेटावर बापानं तिला होडीच्या तळाशी उताणं झोपवून, डोळे मिटायला लावून समुद्र शिकवला. पूर्वेची मोठी लाट पाठीखालून जाते, बेटाला अडते, दोन्ही अंगांनी वळते आणि पलीकडे स्वतःलाच भेटते. त्या भेटीचा हिसका पाठीला कळला की बेट दिसण्याआधीच सापडतं. नकाशा घरी पाठ करायचा. होडीत घेऊन जाणाऱ्याला लोक हसत.

"माणसं गेली हे लाटेला कुणी कळवलं का रे?" ती म्हणाली. "अजून वळते ती तिथं."

"मावशी, शोभेचा नकाशा हा. कोण होडी हाकणार आहे?"

"शोभेचा!"

तिनं सुरी उचलली. लाकाबुन मागे सरकला. तिनं एकेक करून सगळ्या कवड्या कापून काढल्या, राजधानीचीसुद्धा, आणि त्याच्या खिशात कोंबल्या.

"घे. यादी बघून चिकटव. हिरांना मात्र हात लावलास तर तुझ्या आईसमोर कान उपटीन."

त्यानं कवड्या चिकटवल्या. लोजेनची तेवढी खिशातच राहिली. समारंभ झाला, टाळ्या झाल्या. लोजेनच्या जागेभोवती वाकलेल्या हिरांकडे कुणी पाहिलं नाही.

आठवड्याभरानं शाळेतली एक मुलगी लिमेजानच्या दारात उभी राहिली.

"आजी, त्या नकाशात खाली सगळ्या काड्या वाकल्यात. मग तिथं काहीच कसं नाही?"

"वाकल्यात ना? मग आहे."

लिमेजान उठली, किनाऱ्यावरची होडी तिनं पाण्यात ढकलली. "झोप हिच्यात. डोळे मीट. आणि गप्प राहा, माझा राग अजून उतरलेला नाही."