थेंबाच्या आकाराची रॅकेट

थोरलीला क्लबात सगळे तोफ म्हणत. अंगानं किरकोळ, दिवसभर पडद्यांच्या दुकानात कात्री आणि टाके. पण पॅडेलच्या, म्हणजे काचेच्या भिंतींआत जोडीनं खेळायच्या टेनिससारख्या खेळाच्या, कोर्टवर डाव्या बाजूला उभी राहिली की चेंडू असा ठोकायची, की समोरच्या दोघी आपसूक मागे सरायच्या. उजवी बाजू धाकटीची, म्हणजे तिच्या दिराच्या बायकोची. मागच्या काचेवर आपटून आलेला चेंडू न कंटाळता परतवत राहायचं काम धाकटीचं, शेवटचा घाव थोरलीचा. एका घरातल्या दोन जावा एका बाजूनं खेळतात, याचंच लोकांना नवल. गेल्या वर्षी अंतिम सामना थोडक्यात हुकला होता. यंदा दोघींनी मिळून चषक घरी आणायचाच, हा थोरलीनं ध्यासच घेतला होता.

त्यात एक दिवस धाकटी म्हणाली, "ताई, मला नवी रॅकेट निवडून द्या ना. बचावालाही चालेल आणि मारायलाही. तुमच्याइतकं कुणाला कळतंय?"

थोरली हरभऱ्याच्या झाडावर चढली ती तिथंच बसली.

खेळाच्या दुकानात तिनं विक्रेत्याला अगदी नको नको करून सोडलं. गोल रॅकेटीनं चेंडू ताब्यात राहतो, पण जोर सगळा आपणच लावायचा. हिऱ्याच्या आकाराचीचं वजन टोकाकडं. मारायला झकास, पण जरा चुकलं की कोपराची वाट. शेवटी थेंबाच्या आकाराची एक सापडली. वजन मध्यावर, आतला फोम ना फार मऊ ना कडक. तिनं ती बोटावर तोलली, कानाशी नेऊन टिचकी मारली आणि म्हणाली, "हीच. नवख्याच्या नजरेतून सुटली असती." घरी येऊन मुठीवर आपल्याजवळची नवीकोरी ग्रिपची पट्टीही गुंडाळून दिली, धाकटीच्या करंगळीशी जरा जाड ठेवून.

नवरा पेपरातून डोकं वर काढून म्हणाला, "बचाव समजलं. पण तिला मारायला कशाला हवी? मारायला तू आहेस की!"

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं," थोरली हसली. त्याला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण नेमका प्रश्न त्यानंच विचारला होता.

पुढच्याच आठवड्यात ती दुकान लवकर बंद करून क्लबात गेली. काचेपलीकडं धाकटी खेळत होती, डाव्या बाजूला. उजवीकडं क्लबातली एक नवी, उंच अशी दातांची डॉक्टरीण. धाकटीनं उडी मारून चेंडू ठोकला. आवाज खणखणीत आला. निवड अगदी अचूक होती.

"छान जमलीय जोडी," बाकावरचे प्रशिक्षक म्हणाले. "चषकालाही दोघी एकत्रच उतरतायत. तुम्हाला ठाऊक असेलच."

केसानं गळा कापला होता आणि केस विंचरून हातात दिला होता थोरलीनंच. हरायचं दुःख तिला नवं नव्हतं. पण रोज एका टेबलाशी बसून भाजी वाढणाऱ्या बाईनं अवाक्षर काढू नये, याचा तिला भयंकर संताप आला.

धाकटी घाम पुसत बाहेर आली आणि चपापली. "ताई! सांगणारच होते हो. तुमचा खांदा दुखतो हल्ली, म्हटलं…"

"माझा खांदा मला कधी बोलला नाही तो. तुला बरा बोलला."

मग काहीतरी बोलायचं म्हणून, की नुसत्या सवयीनं, धाकटीनं रॅकेट पुढं केली. "ग्रिप सुटतेय जरा. बघता का?"

थोरलीनं रॅकेट घेतली. खालचं टोक सोडवलं आणि ग्रिप फेरा फेरा करत पूर्ण उलगडली. ती बोटांभोवती गुंडाळून पर्समध्ये टाकली आणि उघड्या मुठीची रॅकेट परत धाकटीच्या हातात दिली.

"रॅकेट तुझी," ती म्हणाली. "ग्रिप माझी होती."