भुऱ्या रस्त्यापलीकडे

सुनेने आज सुके बोंबील भाजले आणि त्या वासासरशी मी वीसेक वर्षं मागे, राहनाळच्या रस्त्यावर जाऊन उभी राहिले.

तेव्हा आमच्या शेतांवर नुकती गोदामं उठली होती आणि दारावरून कंटेनर धावू लागले होते. आमच्या भुऱ्या कुत्र्याला वळण लावायचं मी मनावर घेतलं होतं. ‘ये’ म्हटल्यावर आला की भाजलेल्या बोंबलाचा तुकडा. हे तो लगेच शिकला. ‘बस’ मात्र काही केल्या कळेना, म्हणून मी स्वतःच जमिनीवर बसून दाखवायची. सासूबाई म्हणायच्या, "कुत्रा उभा नि ही बसलीय. कोन कोनाला शिकवतंय?"

त्या सकाळी भुऱ्या रस्त्यापलीकडे गेला. माझ्या हातातल्या बोंबलाचा वास लागला नि गर्रकन वळला. तेवढ्यात वळणावरून कंटेनर आला.

"अगो, हाक मार ना त्याला!" सासूबाई ओरडल्या.

हाक मारली असती तर तो थेट चाकाखाली आला असता. आणि ‘थांब’ मी शिकवलंच नव्हतं. मोठी मास्तरीण! बोंबील पदराखाली लपवून मी तिथेच धुळीत मटकन बसले. कंटेनर मध्ये आला. भुऱ्या दिसेना. नुसती चाकं, धूळ आणि डिझेलचा वास.

धूळ निवळली तेव्हा तो पलीकडे बसला होता, मागच्या पायाने कान खाजवत.

पुढे महिनाभर मी माझ्या शिकवणीच्या बढाया मारत गावभर हिंडले. आता वाटतं, त्याला एका पिसवेने वाचवलं. आणि मी कृतघ्न बाई, त्याच दुपारी त्याला साबण लावून घासून काढलं!