महालयाचं पान

आमच्या कलकत्त्याच्या ऑफिसातले हेडक्लार्क इतके सोवळे की वाटेत मासळीबाजार लागला तर एस्प्लनेडला जायला हावड्यावरून वळसा घालतील. प्रत्येक वाक्यामागे "काय समजलात?" लावायचे. समजलो नाही म्हणायची हिंमत साहेबांनाही नव्हती.

त्यांचे वडील, अण्णा, गेल्याच्या दुसऱ्या वर्षी, महालयाच्या म्हणजे सर्वपित्री अमावास्येच्या सकाळी ते मला बराकपूरहून गाडीत घालून बाबूघाटावर घेऊन आले.

"अहो, बराकपूरलाही गंगाच आहे की!"

"अण्णा चाळीस वर्षं रोज इथे फिरायला यायचे. पान इथेच ठेवणार, काय समजलात?"

घाटावर अख्खा बंगाल कमरेएवढ्या पाण्यात तर्पण करत उभा. यांनी पान मांडलं: भात, वडे, खीर, आमसुलाची चटणी. कलकत्त्यातले निदान नऊ लाख कावळे जमले, पण एक शिवेल तर शपथ!

"अण्णांचं काहीतरी राहिलंय. कावळा शिवल्याशिवाय मी हलणार नाही."

आईला सांभाळीन, बहिणीचं लग्न लावीन, सगळी वचनं देऊन झाली. कावळे ढिम्म. दुपार टळली.

"फिरायला जातो म्हणून अण्णा इथे काय खायचे, ते मला ठाऊक होतं," असं पुटपुटत ते उठले. समोरच्या हॉटेलातून हिलसा माशाचा तळलेला तुकडा स्वतःच्या हाताने आणून त्यांनी भातावर ठेवला. मागे सरकायच्या आत पान साफ!

परतीच्या गाडीत मी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"राहू द्या," ते म्हणाले.

बराकपूरपर्यंत त्यांनी तो हात धुतला नाही, आणि मी काय समजलो तेही विचारलं नाही.