दोन नंबरच्या टर्बाइनमधून आलेला फोन

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. आमचं बौद्ध घर, मूळ नांदेडकडचं. पप्पांच्या नोकरीमुळे राज्याबाहेर, दिलसुखनगरात वाढलो. नवस, उतारा, भूतबाधा... घरात कुणी नावही काढत नाही. तरी लिहितेय, कारण डोकं अजून तापलेलंच आहे.

मी त्याच शहरात, कुकटपल्लीत एका खाजगी कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये इंजिनिअर आहे. इथून चार तासांवर डोंगरात कंपनीचं छोटं जलविद्युत केंद्र आहे — तिथली मशीन्स आम्ही इथूनच चालू-बंद करतो. लोक विचारतात, धरण कशाला हवं, नदी आहे ना? अहो, नदी तिच्या मर्जीने वाहते! धरणामागे पाणी साठतं, उंचावर थांबतं. सगळा जोर त्या उंचीचा. गेट उघडलं की पाणी मोठ्या पाइपातून खाली येतं, टर्बाइनची पाती फिरवतं, त्याच दांड्यावरचा जनरेटर फिरतो आणि वीज तयार होते. कोळशाचं केंद्र थंड पडलं की सुरू व्हायला कित्येक तास जातात. आमचं मशीन काही मिनिटांत तयार. म्हणून संध्याकाळी शहरभर एसी लागले, की घाई आमच्यामागे.

माझा मोठा भाऊ, विलासदादा, त्याच केंद्रावर ठेकेदाराकडे वेल्डर आहे. त्या दिवशी दोन नंबरचं टर्बाइन रिकामं करून दादासकट चौघं आत झिजलेल्या पात्यांचं वेल्डिंग करत होते. आत जाणाऱ्याने दाराजवळच्या बोर्डावर आपल्या नावाचा बिल्ला लावायचा, बाहेर आल्यावर स्वतःच्या हाताने काढायचा. आणि मशीन सुरू करण्याआधी कंट्रोल रूमने फोनवर एकेकाचा आवाज ऐकायचा. नियम एवढाच.

पाच वाजता साइटवरून बोर्डाचा फोटो आला. रिकामा बोर्ड.

मागे उभ्या असलेल्या आमच्या मॅनेजरना मी म्हटलं, "सर, चौघांचे आवाज ऐकू द्या."

ते खेकसले, "अरे अम्मा, बिल्ले निकल गए ना? फोटो देखे ना? टाइम खराब नक्को करो, चालू करो."

मी पुन्हा म्हटलं. तर म्हणतात, "तुम्हारा भाई है बोलके पूरा शहर रुकेगा क्या?"

सगळी रूम माझ्याकडे बघत होती. मी माउसवर हात ठेवला.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला.

"सुमे, पाणी सोडू नको. म्या अजून आत हाय."

"दादा? कुठून बोलतोयस?"

फोन कट.

मी उठून ओरडले, "कुणीही हात लावायचा नाही!" मॅनेजर आरडाओरडा करत राहिले. मी साइटवर फोन लावून टर्बाइनचं दार उघडायला लावलं.

दादा आत पडलेला होता, वेल्डिंगच्या धुराने बेशुद्ध. जिवंत. झालं असं, की हत्यारं आवरून तो नेहमी शेवटी बाहेर येतो, म्हणून चहाला निघताना जोडीदाराने त्याचाही बिल्ला काढून घेतला — तेवढीच मदत! मग बोर्ड रिकामा बघून कुणीतरी बाहेरून दाराचे बोल्ट कसले.

दादाचा मोबाइल लॉकरमध्ये होता. आत फोन नाही, रेंज नाही. शुद्धीवर आल्यावर म्हणाला, "म्या कुणालाच फोन केला नाही गं. चक्कर आली, एवढंच ध्यानात हाय."

मॅनेजर म्हणतात, फोन वाजलाच नाही. आमच्याकडे रिसीव्हर उचलला की आपोआप रेकॉर्डिंग सुरू होतं. मी ते तीनदा ऐकलं. त्यात फक्त माझा आवाज आहे... "दादा? कुठून बोलतोयस?"

आणि कंपनीने काय केलं? मलाच मेमो दिला! वरिष्ठांचा आदेश का मोडला, लेखी कळवा. मॅनेजरला कुणी एक शब्द विचारला नाही. नुसता संताप होतो.

दादा म्हणतो, "लिही की, म्याच फोन केला म्हणून. उगं नोकरी जाईल तुझी." मी नाही लिहिणार. तो फोन कुणाचा होता, मला खरंच माहीत नाही. भास म्हणायचा तर म्हणा.

पण सगळ्यात जास्त राग मला कुणाचा येतो, सांगू? माझा. नियम मला पाठ होता. आत माझा भाऊ असू शकतो, हेही कळत होतं. तरी एका ओरडण्यावर मी गप्प बसले. तो फोन आला नसता, तर पाणी मीच सोडलं असतं.